लूकवाले काका

प्रत्येक वस्तीत असा एक माणूस असतो, ज्याला कुठलीही वस्तू आहे त्या रूपात बघवत नाही. भिलाईच्या कॅम्प-1 मध्ये ही जबाबदारी लूकवाले काकांनी स्वखुशीनं उचलली आहे. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर आहे, गल्लीत ते फारसं कोणाला ठाऊक नाही. भाजीवाली, पोस्टमन, गॅसवाला, सगळे 'लूकवाले काका' म्हणतात आणि काकांना त्यात टिंगल ऐकू येत नाही, पदवी ऐकू येते.

त्यांच्या घराचं फाटक लोखंडाचं आहे. त्यावर तपकिरी रंगात लाकडाच्या रेषा काढल्या आहेत, मधूनमधून गाठीसुद्धा. आतलं दार अस्सल सागवानी, वडिलांनी तुमसरहून आणलेलं. त्यावर स्टीलच्या रंगाचा सनमायका. भिंती चांगल्या भाजलेल्या लाल विटांच्या. त्यांच्यावर प्लास्टर, प्लास्टरवर पुट्टी आणि पुट्टीवर संगमरवराच्या निळसर शिरा. तुळशीवृंदावन मात्र खरोखर संगमरवराचं होतं. ते ग्रॅनाइटचं वाटावं म्हणून काकांनी त्यावर टूथब्रशनं काळे ठिपके उडवले. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीला किल्ल्याच्या बुरुजाचा लूक दिलेला आहे. त्या घरात जे जसं दिसतं ते तसं असेलच, याची खात्री फक्त काकूंच्या चेहऱ्याबद्दल देता येते.

"सिमेंट सिमेंटावानी दिसलं त लोक काय म्हणतीन? याचे पैसे संपले म्हणतीन," हे काकांचं सूत्र.

या वेडाचं मूळ शोधायचं तर थोडं मागं जावं लागतं. सोव्हिएत मदतीनं भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा बांधकामावरच्या माणसांच्या वस्त्या म्हणून हे कॅम्प बसले. कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, बांधकाम संपलं. पण कॅम्पचं नाव कॅम्पच राहिलं. काकांचे वडील त्या बांधकामावरचेच. पुढे ते कायम झाले, सेक्टरात क्वार्टर मिळालं, काकाही भट्टीवर लागले आणि त्यांनाही क्वार्टर मिळालं. म्हणजे जन्मापासून साठीपर्यंत हा माणूस शेजारच्या घरासारख्याच घरात राहिला. खिडकी तीच, दार तेच, रंग कंपनी देईल तो, आणि भिंतीत एक खिळा ठोकायचा तर मनात आधी अर्ज. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं आणि वडिलांच्या कॅम्पातल्या जागेवर काकांनी स्वतःचं घर बांधलं. साठ वर्षं दाबून ठेवलेली हौस एकदम मोकळी झाली. तिचा पहिला तडाखा फाटकाला बसला, शेवटचा पायवाटेला.

पायवाट म्हणजे फाटकापासून ओसरीपर्यंतची काँक्रीटची पट्टी. पंचवीस फूट लांब, चार फूट रुंद, करडी, सपाट, कर्तव्यदक्ष. तिच्यावरून मोटारसायकल जाई, गॅसचं सिलिंडर गडगडत जाई, काकू कपड्यांची बादली घेऊन जात. कुणाची काही तक्रार नव्हती. काकांची होती.

"याले विटांचा लूक द्याचा."

"अजी, विटाच पाहिजेत त विटाच लावून टाका ना," काकू म्हणाल्या.

यावर काकांनी जे उत्तर दिलं त्यात तथ्य होतं, आणि त्यांच्याबद्दल लिहिताना हे मान्य केलंच पाहिजे. वीट आडवी लावली तरी तिची जाडी तीन इंच. खाली मसाल्याचा किंवा रेतीचा इंचभर थर. वाट चार इंच वर येणार. फाटकाखाली फट दीड इंचाची. म्हणजे ते उघडणारच नाही. ओसरीची पायरी पाच इंचांची, ती इंचभर उरणार, आणि पावसाचं पाणी आमंत्रणाशिवाय बैठकीत येणार. जुनं काँक्रीट फोडायचं म्हटलं तर तो खर्च वेगळा. तेव्हा आहे त्या काँक्रीटला वरून रूप देणं, हाच व्यवहारी मार्ग. काकांचं हे असं असतं. हिशेब चोख असतो, फक्त मुळात गरज नसते.

शिवाय त्यांच्याकडे दुसरा मुद्दा तयार होता. "आता वीट तरी लाल कुठं राहिली?" छत्तीसगडमधल्या औष्णिक वीज केंद्रांतून राखेचे डोंगर निघतात आणि त्या फ्लाय ॲशच्या विटा घराघरांत लागतात. त्या करड्या असतात. म्हणजे आज खरी वीट लावली तर वाट करडीच राहणार. लाल वीट हवी असेल तर खोटीच करावी लागणार. या तर्कापुढे काकू गप्प झाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. काका त्याला संमती समजले.

पहिला प्रयोग रंगाचा. मुहूर्त धरला नवतपातला, का तर ऊन कडक, रंग लवकर वाळेल. काकांनी आधी वहीत हिशेब मांडला: दरजेसकट वीट 20 सेंटिमीटर लांब, 10 रुंद, शंभर चौरस फुटांत सुमारे 465 विटा. त्याप्रमाणे चिकटपट्टीनं दरजा आखायच्या, वर लाल रंग फिरवायचा, पट्टी काढायची, की पट्टीखालचं करडं सिमेंट दरज म्हणून दिसणार. भट्टीवर बदललेल्या शिफ्टचा चार्ज जितक्या गांभीर्यानं घेतला, तितक्याच गांभीर्यानं ते पहाटे ओणवे झाले.

ओळी आखताना त्यांनी गवंड्यांचा धर्मही पाळला. सांध्यावर सांधा येता कामा नये. खालच्या विटेच्या मध्यावरच वरची दरज. भिंतीत याला अर्थ असतो, कारण उभे सांधे एका रेषेत आले की भिंत तिथंच फाटते. इथं भार फक्त रंगाचा होता. समोरचे केरळवाले सर कॉलेजात शिकवतात, त्यांनी फाटकावर हात ठेवून हे विनयानं सुचवलंही. काका म्हणाले, "सर, पाहणाऱ्याले खोटं वाटू नये ना."

नऊ वाजता जमीन तापली. दहाला चिकटपट्टीचा गोंद वितळला. पट्टी निघाली, गोंद राहिला, आणि गोंदावर नंदिनी रोडची धूळ बसली. दरजा ठरल्याप्रमाणे करड्या न होता काळ्या झाल्या. काकांनी दोन पावलं मागं जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं आणि जाहीर केलं की याला शॅडो इफेक्ट म्हणतात.

जूनच्या मध्यात पाऊस आला. काँक्रीट आधी ॲसिडनं धुतलेलं नव्हतं, वर्षानुवर्षांचं तेल आणि साबण त्यात मुरलेला होता. खालून ओल वर चढत होती. रंगाला धरायला जागाच नव्हती. पोपडे सुटू लागले. कुठं अर्धी वीट, कुठं पाव, कुठं नुसतीच दरज. गल्लीतल्या पोरांनी राहिलेल्या चौकटी हेरल्या आणि त्यांवर बिल्लसचा डाव मांडला. एक पाय, उडी, दुसरा पाय. ज्या वाटेवर काका पाहुण्यांना चालवणार होते तिच्यावर दुपारभर लंगडी सुरू झाली.

"अँटिक लूक आला," काका म्हणाले.

हरणं हा शब्द या प्रकारच्या माणसाच्या कोशात नसतो. तो फसलेल्या प्रयोगाला नवं नाव देतो आणि पुढच्याची तयारी करतो. मध्ये एकदा घरची मंडळी सिरपूरला सहलीला गेली. महानदीकाठचं सातव्या शतकातलं लक्ष्मण मंदिर विटांचं आहे. राणी वासटानं पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ ते बांधलं, मुलगा महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळात. बाकीचे लोक नक्षी बघत होते. काका भिंतीवरच्या खिडक्यांसमोर खिळले, कारण त्या खिडक्या नव्हत्याच; विटेत कोरलेला नुसता आभास होता. "पाहा! पाहा! चौदाशे वर्षांपासून लूक चालून राह्यला, आणि तुम्ही मले नावं ठेवता!" तेव्हापासून घरात काही वाद निघाला की काका सिरपूरचा दाखला देतात. त्या विटा खऱ्या आहेत आणि अजून उभ्या आहेत, एवढा तपशील ते गाळतात.

दुसऱ्या प्रयोगाला ग्राइंडर आला. कल्पना अशी की रंग वरून निघतो, खाच निघत नाही. तेव्हा काँक्रीटमध्येच चार मिलिमीटर खोल दरजा कापायच्या. कल्पना चांगली आहे आणि जाणकार लोक असं करतातही, पण ते चाकाखाली पाण्याची धार धरतात, म्हणजे धूळ उडत नाही. काकांना पाणी वाया घालवायचं नव्हतं. तोंडाला मास्क मात्र त्यांनी बांधला, कारण कारखान्यात उभ्या हयातीत सुरक्षेचे फलक वाचले होते. गल्लीला कुणी मास्क वाटले नाहीत.

अर्ध्या तासात शेजारच्या तेलुगू अण्णांचे वाळत घातलेले पापड, बलियाच्या भैयाजींच्या पांढऱ्या चादरी आणि केरळवाल्या सरांची काळी गाडी, सगळ्यांना एकच लूक आला. भिलाईला सगळा भारत एका गावात राहतो असं म्हणतात. त्या दिवशी सगळा भारत काकांच्या फाटकाशी उभा राहून आपापल्या भाषेत बोलत होता. काकांनी सर्वांना नम्रपणे एकच उत्तर दिलं: "फिनिशिंग बाकी आहे."

खाचा तशा बऱ्या पडल्या. अडचण वेगळीच निघाली. वाटेला मधोमध एक जुना तडा होता, तिरका. विटांचा आभास उभा करायचा तर तडा विटांच्या पोटातून जाणं बरं दिसत नाही. काकांनी युक्ती काढली: तडा जिथून जातो तिथूनच दरज काढायची. तडा तिरका, म्हणून दरज तिरकी. दरज तिरकी, म्हणून वीट तिरकी. एक वीट तिरकी झाली की शेजारचीला सांभाळून घ्यावं लागतं. ओसरीपर्यंत पोचता पोचता विटांचा मोर्चा अण्णांच्या कुंपणाकडे वळला होता.

मग रंगाचा प्रश्न. या वेळी काकांनी वरून फासायचा रंग सोडला आणि सिमेंटमध्ये मिसळायचं रेड ऑक्साइड आणायचं ठरवलं. जुन्या घरांतला लाल कोबा आठवा, त्यात हेच असे. ओल्या कोब्यावर दोरी दाबून फरशीचे चौकोनही पाडत, म्हणजे लूकची परंपरा आपल्या आज्यांच्या माजघरापर्यंत जाते. पॉवर हाउसच्या बाजारातून ती लाल पुडी घेऊन काका परतले तेव्हा भट्टीवरचे त्यांचे एक जुने सोबती कट्ट्यावर बसले होते. त्यांनी पुडी हातात घेऊन वाचली आणि हसायला सुरुवात केली.

कारण रेड ऑक्साइड म्हणजे आयर्न ऑक्साइड. दल्ली-राजहराच्या खाणीतून भिलाईला जे हेमेटाइट येतं ते मुख्यतः हेच. वीट भाजल्यावर लाल होते तीही मातीतल्या याच ऑक्साइडमुळे. काकांनी सगळी नोकरी या लाल दगडातला ऑक्सिजन काढून त्याचं लोखंड करण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतर पदरचे पैसे मोजून तोच ऑक्साइड किलोच्या भावानं घरी आणला. एवढ्यावर भागलं नाही. भट्टीत लोखंडावर जो स्लॅग तरंगतो तो पाण्याच्या झोतात थंड केला की दाणेदार होतो आणि सिमेंट कारखान्यांत जाऊन दळला जातो. जामुलचं सिमेंट आपल्या दाराशीच. म्हणजे वाटेच्या काँक्रीटमध्ये त्यांच्याच भट्टीचा स्लॅग असायची दाट शक्यता. "तुनं जे जन्मभर अलग केलं," सोबती म्हणाले, "ते आता घरी आणून पुन्हा मिक्स करून राह्यला का बे?"

काका रागावले नाहीत. "रिटायर झाल्यावर माणूस मूळ रूपात जाते," म्हणाले आणि पुडी घेऊन आत गेले. हे वाक्य त्यांनी केलेल्या सगळ्या कामात सर्वांत टिकाऊ ठरेल असं मला वाटतं.

तिसरा प्रयोग डिसेंबरात झाला आणि तो मात्र रीतसर झाला, कारण या वेळी मुलानं पैसे दिले आणि सोबत मिस्त्रीही दिला. मिस्त्री धमधा भागातला, कमी बोलणारा. त्यानं वाट पाहिली, काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बबा, ईंटा बिछा देथन, झंझट खतम." काकांनी त्याला फाटकाखालची दीड इंचाची फट दाखवली, मग वही दाखवली, मग सिरपूर सांगितलं. मिस्त्री सिरपूर निम्मं होताच कामाला लागला.

वाट पातळ ॲसिडनं घासून, भरपूर पाण्यानं धुतली. तडा खरवडून आधी भरला. पृष्ठभागावर चिकट लेप, त्यावर पॉलिमर मिसळलेल्या लाल सिमेंटचा आठ मिलिमीटरचा थर, आणि तो ओला असतानाच विटांचा साचा असलेली रबरी मॅट वर दाबायची. ग्राइंडरच्या जुन्या खाचा वाया गेल्या नाहीत. नव्या थराला धरायला त्यांचाच उपयोग झाला. मॅटचा ठसा नीट उठायला तिच्यावर माणूस उभा राहावा लागतो. मिस्त्री हलका होता. काका स्वतः मॅटवर चढले आणि वीतवीत सरकत, दोन्ही हात पसरून, फाटकापासून ओसरीपर्यंत गेले. काकू दारातून बघत होत्या. "लग्नात सप्तपदी इतकी मन लावून नव्हती चालली," असं त्या मिस्त्रीबरोबरच्या रेजाला म्हणाल्या.

रात्री ओल्या थरावरून मांजर गेलं. सकाळी चार विटांवर पंजे. मिस्त्री करणी घेऊन पुढं झाला, तर काकांनी त्याचा हात धरला. हातानं पाडलेल्या विटा मोकळ्या जागेत वाळत घालतात, तेव्हा कुत्र्या-मांजरांचे पाय त्यांवर उमटतात आणि भाजल्यावर तसेच राहतात. "हे त ओरिजिनल आहे! राहू दे!" अशा रीतीनं त्या वाटेवरची एकमेव अस्सल गोष्ट मांजरानं करून दिली.

वाट खरोखर सुंदर झाली. मिस्त्रीनं लांबून पाहून "बने लागत हे" म्हटलं आणि मजुरी मोजून घेतली. भैयाजी एकदा गुपचूप बोटानं दरज टोकरून गेले. फक्त वरच्या सीलरच्या बाबतीत काकांनी मिस्त्रीचं ऐकलं नाही; चमक हवी म्हणून चकचकीत सीलर घेतला, त्यात बारीक रेती घालू दिली नाही. तेव्हापासून वाट ओली झाली की काकू मागच्या दारानं बाहेर पडतात आणि काका वाटेच्या कडेकडेनं, मातीतून.

कीर्तीचा दिवस जानेवारीत आला. नागपूरचे व्याही मोठी गाडी घेऊन आले. वाट बघून थांबलेच. "वा व्याहीबुवा! जुन्या पद्धतीच्या विटा! आता कुठं मिळतात हो अशा?" काकांनी काहीच सांगितलं नाही, नुसते हसले. असल्या माणसाच्या आयुष्यात यापेक्षा मोठा पुरस्कार नसतो. तेवढ्यात गाडी फाटकाबाहेरच्या उतारावर मागं सरकू लागली. ड्रायव्हर ओरडला, "एक ईंट देना!" व्याही जवळच होते. ते तत्परतेनं वाकले आणि वाटेच्या कडेची, पंजा उमटलेली वीट उचलायला लागले. नखं लावली, जोर केला, बूट टेकवून ओढली. काका बाजूला उभे राहून आनंदानं सांगत होते, "निघणार नाही! नाहीच निघणार!"

ड्रायव्हर स्टिअरिंगला लटकून राहिला आणि घरातले सगळे वीट शोधायला धावले. 465 विटा अंगणात, पण चाकाखाली लावायला एक नाही. शेवटी ड्रायव्हरनंच उडी मारली, गुलाबाच्या वाफ्याला लावलेला एक काळपट दगड उपटला आणि चाकाखाली सारला. चाक टेकलं, दगडाचा कोपरा उडाला, आणि आतून लाल वीट निघाली. घर बांधताना उरलेल्या विटा होत्या त्या. काकांनी त्यांना दगडाचा लूक दिला होता.

व्याह्यांनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं, पायाखालच्या वाटेकडे पाहिलं, फाटकावरच्या लाकडी गाठींवर टिचकी मारली. टण् आवाज आला. मग ते काकांच्या पांढऱ्याशुभ्र केसांकडे जरा संशयानं बघू लागले.

पण तिथं काही निघण्यासारखं नव्हतं. काकांनी केसांना कलप लावलेला नाही, दात आहेत ते स्वतःचे, आणि पायांत कारखान्याचे जुने सेफ्टी शूज असतात. मुलाच्या लग्नात त्यांनी मुलाचा पगार होता तेवढाच सांगितला, मध्यस्थ डोळे वटारत असतानाही. भैयाजींच्या चादरींचे धुण्याचे पैसे त्यांनी न मागता नेऊन दिले. सगळं जग वस्तू जशी आहे तशी ठेवून माणसावर रंग चढवतं. काकांनी काम उलटं घेतलं आहे, म्हणून वस्तीला त्यांचा त्रास होतो पण धोका होत नाही.

तुमच्याकडेही अशी करडी वाट असेल आणि तिला विटांचं रूप द्यावं असं मनात आलं, तर जरूर द्या. हिवाळ्यात काम काढा, आधी ॲसिडनं धुऊन घ्या, तडा लपवू नका, भरा. सीलर चमकदार घेऊ नका आणि त्यात रेती घालायला मिस्त्रीला अडवू नका. आणि एक खरी वीट, रंग न लावलेली, घरात कुठंतरी ठेवून द्या.